कान दुखत नसताना दाखवायला या

प्रश्न : डॉक्टर, नमस्कार.

माझी मुलगी पावणेदोन वर्षांची आहे. वर्षाची होईपर्यंत तिला साधी सर्दीसुद्धा क्वचितच व्हायची. मग मी कामावर परत रुजू झाले, ती पाळणाघरात जायला लागली आणि तेव्हापासून आमच्या घरात कानाशिवाय दुसरा विषय नाही. आधी नाक वाहतं. दोन-तीन दिवसांनी ताप येतो आणि मग रात्री कधीतरी ती किंचाळत उठते. आडवी केली की रडते, खांद्यावर उभी धरली की जरा निवते. सकाळी डॉक्टर कानात बघतात, "पडदा लाल दिसतोय" म्हणतात आणि अँटिबायोटिक लिहून देतात. थोडे दिवस बरे जातात की पुन्हा नाक सुरू. माझ्या हिशेबाने गेल्या आठ महिन्यांत हे पाच वेळा झालं. मागच्या खेपेला सकाळी उशीवर पिवळट डाग होता, कान फुटला होता. ती त्यानंतर शांत झोपली आणि मी मात्र दिवसभर रडत होते.

प्रत्येकाचं म्हणणं वेगळं. सासूबाई म्हणतात, अंघोळीच्या वेळी कानात पाणी जातं, तुला नीट धरता येत नाही. माझी आई म्हणते, पाळणाघर बंद कर. जावेच्या मुलाच्या कानाच्या पडद्यात ग्रोमेट नावाची बारीक नळी बसवली होती, ती म्हणते ऑपरेशन करून टाक आणि मोकळी हो. एका डॉक्टरांनी सुचवलं की दोन-तीन महिने कमी डोसमध्ये रोज अँटिबायोटिक चालू ठेवू. नवरा म्हणतो, एवढी अँटिबायोटिक्स पोटात गेली तर पोरीची प्रतिकारशक्ती उरेल का?

तिला हाक मारली तर कधी बघते, कधी बघत नाही. आपल्याच नादात असते. बोलायचं म्हटलं तर दहा-बारा शब्द. पुढे तिला कमी ऐकू येईल का? माझं काय चुकतंय? आणि पुढच्या वेळी रात्री दोन वाजता मी नेमकं काय करू?

– एक आई

उत्तर : शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते, कारण तो रात्री दोनचा आहे. बाकीचे दिवसा वाचता येतील.

रात्री दोन वाजता तुमच्या मुलीला दुखणं थांबवणारं औषध हवं असतं. पॅरासिटामॉल किंवा, सहा महिन्यांवरच्या मुलांना, आयबुप्रोफेन. डोस वयावर नसतो, वजनावर असतो. म्हणून आजचं वजन सांगून तो डॉक्टरांकडून मिलिलिटरमध्ये लिहून घ्या आणि कागद औषधाच्या बाटलीलाच चिकटवून ठेवा, कारण अर्धवट झोपेत कोणालाच भागाकार जमत नाही. ॲस्पिरिन मुलांना अजिबात द्यायचं नाही. पहिले एक-दोन दिवस ठणका असेपर्यंत औषध ठरलेल्या अंतराने देत राहा. ती पुन्हा किंचाळेपर्यंत थांबू नका. बऱ्याच आईवडिलांना वाटतं की अँटिबायोटिकचा पहिला डोस पोटात गेला की दुखणं थांबेल. तसं होत नाही. पहिल्या चोवीस तासांत अँटिबायोटिकने ठणका फारसा कमी होत नाही. रात्र निभावते ती वेदनाशामक औषधाने आणि तुमच्या खांद्याने. आडवं केल्यावर कानातला दाब वाढतो, म्हणून ती रडते. उभी धरता ते बरोबरच आहे. कानात तेल, कोमट पाणी, जुन्या बाटलीतले थेंब, काहीही घालू नका. पडदा फुटलेला असेल तर ते थेट आत जातं.

मात्र काही गोष्टी दिसल्या तर सकाळची वाट बघायची नाही. कानामागचं हाड सुजलं, लाल झालं किंवा कान पुढे ढकलल्यासारखा दिसू लागला, चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली, मान ताठ झाली, मूल गुंगीत आहे, उलट्या थांबत नाहीत, चालताना झोकांड्या जात आहेत, तर त्याच वेळी रुग्णालय गाठायचं. हे क्वचित होतं, पण झालं तर तास महत्त्वाचे असतात. शिवाय तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला तर कारण कान असो वा नसो, लगेच दाखवायचं.

आता "माझं काय चुकतंय" याकडे येते. हा प्रश्न मला आया विचारतात. वडिलांनी विचारलेला आठवत नाही. ते सहसा "इलाज काय" असं विचारतात. तुम्हीही तेच विचारा.

कानाच्या पडद्यामागे हवेने भरलेली छोटी पोकळी असते, तिला मधला कान म्हणतात. तिथून एक नळी निघून नाकाच्या मागच्या बाजूला, घशाच्या वरच्या टोकाशी उघडते. सोळाव्या शतकात बार्तोलोमेओ युस्टाकी नावाच्या इटालियन शरीररचनाशास्त्रज्ञाने तिचं वर्णन केलं, म्हणून ती युस्टेशियन नळी. गिळताना, जांभई देताना ती क्षणभर उघडते, आत हवा जाते आणि आतला ओलावा बाहेर निघतो. मोठ्या माणसात ही नळी साधारण साडेतीन सेंटिमीटर लांब आणि चांगली उतरती असते. तान्ह्या बाळात तिची लांबी जेमतेम निम्मी असते, ती जवळजवळ आडवी असते आणि लिबलिबीत असल्यामुळे सहज मिटते. सर्दीने तिचं तोंड सुजलं की मधला कान कोंडतो, आत द्रव साठतो आणि नाकातले जंतू त्या आखूड रस्त्याने वर चढून त्यात वाढतात. सहा महिने ते दोन वर्षं हा काळ कानासाठी सगळ्यात वाईट असतो तो यामुळे. मूल वाढतं तशी नळी लांब, तिरकी आणि ताठ होत जाते. तुमच्या मुलीचं वय नेमकं त्या वाईट काळातलं आहे आणि ती त्याच्या शेवटाकडे आली आहे.

यात अंघोळ कुठेही बसत नाही. पडदा शाबूत असेल तर बाहेरचं पाणी मधल्या कानात जाऊच शकत नाही. संसर्ग येतो तो आतून, नाकाच्या बाजूने. सासूबाईंना हे सांगताना माझं नाव खुशाल घ्या, घरात शांतता राहील. एवढंच की कान नुकताच फुटलेला आहे, तर पडदा भरून आल्याचं डॉक्टर सांगेपर्यंत त्या कानात पाणी जाऊ देऊ नका. असा फुटलेला पडदा बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपोआप भरतो. पू बाहेर पडला, दाब सुटला, म्हणून ती त्या दिवशी शांत झोपली. उशीवरचा डाग भयंकर दिसतो हे खरं, पण त्याचा अर्थ कान "गेला" असा होत नाही. कान दोन आठवड्यांपेक्षा जास्त वाहत राहिला तर मात्र ते दुखणं वेगळं, त्यासाठी लगेच कानाच्या डॉक्टरांकडे जायचं.

तुमच्या आईचं म्हणणं मात्र मी उडवून लावणार नाही. पाळणाघर हे खरोखर कारण आहे. दहा-बारा पोरं एका खोलीत, सगळ्यांची नाकं वाहती, सगळ्यांचे हात तोंडात. लहान मुलाला एरवीही वर्षाकाठी सहा-आठ सर्द्या होतात, पाळणाघरात त्याहून जास्त. आणि सर्दी जितकी, तितकी कानाला संधी. पण म्हणून नोकरी सोडायची का? मी असा सल्ला देत नाही. कमी मुलं असलेलं पाळणाघर मिळालं तर फरक पडतो, घरी कोणी सांभाळणारं असेल तर आणखी पडतो. यातलं काहीच शक्य नसेल तर बाकीच्या गोष्टी आवरा. घरात कोणी सिगारेट ओढत असेल तर बंद. गॅलरीत जाऊन ओढली तरी धूर कपड्यांवरून आत येतोच, त्यामुळे "बाहेर ओढतो" ही पळवाट मला मान्य नाही. दुधाची बाटली आडवं झोपवून तोंडात देऊन ठेवू नका. तोंडात चोखणी असेल तर या वयात ती सोडवायला हवी. न्यूमोकॉकल लसीचे सगळे डोस झालेत का ते लसीकरणाच्या कार्डावर बघा. फ्लूची लस सहा महिन्यांपासून दरवर्षी देता येते, तीही द्या. यातल्या कोणत्याही एका गोष्टीने कान जादूने बरे होणार नाहीत, पण वर्षाला एखाददुसरा हल्ला टळला तरी तुमच्या काही रात्री वाचतील.

आता त्या "लाल पडद्या"बद्दल. रडणाऱ्या मुलाचा पडदा लालच दिसतो. तापातही दिसतो. पडद्याची लाली हा एकच पुरावा धरला तर निम्मी पाळणाघरं कानाची रुग्णं ठरतील. मधल्या कानात खरोखर पू झालाय हे कळतं ते पडदा बाहेरच्या बाजूला फुगलेला दिसल्यावर किंवा कान वाहायला लागल्यावर. मूल कान ओढतं यावरूनही काही ठरत नाही. दात येताना, झोप आली असताना, कंटाळा आल्यावरही मुलं कान ओढतात. म्हणून पुढच्या वेळी डॉक्टरांना दोन प्रश्न विचारा : पडदा फुगलाय का? आणि त्यामागे द्रव आहे का? उत्तर तारखेसह वहीत लिहा. कोणता कान, ताप किती, कान वाहिला का, औषध कोणतं आणि किती दिवस, एवढं पुरे. वारंवार होणारा संसर्ग म्हणायचा तो सहा महिन्यांत तीन किंवा वर्षात चार वेळा पक्का झाला तर, आणि त्या चारातला एक तरी गेल्या सहा महिन्यांतला हवा. तुमचे पाच खरोखर पाच आहेत की त्यातले दोन नुसती सर्दी आणि ताप होते, हे आज कोणालाच सांगता येणार नाही. पुढचे मात्र सांगता येतील, आणि ऑपरेशन करायचं की नाही हे त्या वहीवर ठरेल.

अँटिबायोटिकबद्दल दोन टोकं दिसतात, दर खेपेला हवंच आणि कधीच नको. दोन्ही मला पटत नाहीत. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली दिलेली मार्गदर्शक सूत्रं आजही उपयोगी पडतात. कान वाहत असेल, ताप ३९ अंश सेल्सिअस किंवा जास्त असेल, दुखणं जोराचं असेल किंवा दोन दिवस टिकलं असेल, मूल दोन वर्षांच्या आतलं असून दोन्ही कान बिघडले असतील, तर औषध लगेच. सहा महिन्यांच्या आतल्या बाळालाही लगेच. एकच कान, सौम्य दुखणं, थोडा ताप, आणि मूल सहा महिन्यांच्या वरचं असेल, तर वेदनाशामक देऊन ४८ ते ७२ तास लक्ष ठेवणं हाही रीतसर उपचार आहे. अट एकच, न सुधारल्यास पुन्हा दाखवायची सोय हवी. बरीच मुलं एवढ्या वेळात आपली आपण सुधारतात. पण एकदा औषध सुरू केलं की मधेच सोडायचं नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांना काहींना पाच दिवस आणि काहींना दहा दिवस औषध दिलं. पाच दिवसवाल्यांत ३४ टक्के मुलांमध्ये उपचार फसला, दहा दिवसवाल्यांत १६ टक्के. तुमची मुलगी त्याच वयोगटातली आहे. तिसऱ्या दिवशी ती हसायला लागली म्हणून बाटली कपाटात गेली असेल, तर तसं पुन्हा करू नका.

रोज कमी डोस चालू ठेवण्याची पद्धत एकेकाळी खूप होती. आता ती मागे पडली आहे आणि पडली ते बरं झालं. औषध चालू असेपर्यंत थोडा फायदा होतो, थांबवलं की संपतो, आणि तोवर नाकातले जंतू त्या औषधाला दाद देईनासे होतात. तुमच्या यजमानांची भीती बरोबर आहे, फक्त पत्ता चुकलाय. अँटिबायोटिकने मुलीची प्रतिकारशक्ती संपत नाही, जंतूंची वाढते. शिवाय जुलाब आणि अंगावर पुरळ हा त्रास आहेच. प्रतिकारशक्तीच्या तपासण्या कधी करायच्या? कानाबरोबर वारंवार न्यूमोनिया होतोय, त्वचेवर खोल गळवं येतात, वजन वाढत नाही, असं काही असेल तेव्हा. नुसत्या कानासाठी सुया टोचू नका.

आता तुमच्या पत्रातल्या ज्या दोन ओळी तुम्ही जाता जाता लिहिल्यात त्यांच्याकडे येते. हाक मारल्यावर कधी बघते, कधी नाही. दहा-बारा शब्द. मला ठणक्यापेक्षा आणि फुटलेल्या पडद्यापेक्षा याची जास्त काळजी वाटते.

संसर्ग गेला, ताप गेला, मूल खेळायला लागलं, तरी पडद्यामागचा द्रव लगेच जात नाही. दोन आठवड्यांनी तपासलं तर दहातल्या सात मुलांच्या कानात तो असतो. महिन्याने चौघांच्या, तीन महिन्यांनी एखाद्याच्या. म्हणजे बहुतेकांचा आपोआप निचरा होतो, त्याला औषध लागत नाही. पण ज्याला दर महिन्या-दीड महिन्याला नवी सर्दी होते त्याच्या कानात आधीचा द्रव संपायच्या आत नवा भरतो. त्याचा कान कधी कोरडा होतच नाही. दुखत नाही, ताप नाही, म्हणून कोणी बघत नाही. दोन्ही कानांत बोटं घट्ट घालून पाच मिनिटं घरातलं बोलणं ऐकून बघा. आवाज येतो, शब्द निसटतात. तुम्ही जवळून, तोंडासमोर बोललात की तिला कळतं, पाठीमागून हाक मारली की कळत नाही. म्हणून "कधी बघते, कधी नाही". आणि हे सगळं चालतं ते नेमकं बोलायला शिकण्याच्या वयात.

हे तुमच्या मुलीच्या बाबतीत खरं आहे असं मी पत्रावरून म्हणत नाही. पावणेदोन वर्षांची काही मुलं उशिरा बोलतात आणि त्यांचे कान ठणठणीत असतात. पण हे तपासायला हवं, आणि कान दुखत असताना तपासून ते कळत नाही. तेव्हा आत द्रव असणारच. म्हणून माझं सांगणं एकच आहे : मुलगी पूर्ण बरी असताना, शेवटचा हल्ला होऊन महिना-दीड महिना झाल्यावर, तिला कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन जा. गंमत अशी की त्या दिवशी कोणीच जात नाही. मूल हसतंय, खेळतंय, कोण रांगेत बसणार? पण त्या एका तपासणीतून जे कळतं ते दुखत असतानाच्या चार तपासण्यांतून कळत नाही.

तिथे टिम्पॅनोमेट्री नावाची चाचणी होईल. कानाच्या तोंडाशी मऊ रबरी बोंडी ठेवून आत हवेचा दाब किंचित कमी-जास्त करतात आणि पडदा किती हलतो ते यंत्र आलेखावर काढतं. मिनिटभराचं काम, दुखत नाही. आलेखाला टोक आलं तर पडदा हलतोय, आलेख सपाट आला तर बहुधा मागे द्रव आहे. कानात मळ असेल तर तो आधी काढावा लागेल. घरी काडीने काढू नका, मळ आत ढकलला जातो. त्याबरोबर ऐकण्याची चाचणीही करून घ्या. एवढ्या लहान मुलांसाठी आवाजाच्या दिशेने बघायला लावून किंवा झोपेत मेंदूचा प्रतिसाद मोजून ती करता येते. "अजून लहान आहे, चाचणी होणार नाही" असं कोणी म्हणालं तर दुसरीकडे जा.

तोपर्यंत तिच्याशी बोलताना जवळ जा, तिच्या उंचीला या, चेहरा दिसू द्या आणि टीव्ही बंद करा. दोन वर्षांची होईपर्यंत ती दोन शब्द जोडून बोलायला लागली नाही, तर चाचणीचा निकाल काहीही असो, वाचा-उपचारतज्ज्ञांना भेटा.

उरलं ग्रोमेट. पडद्याला बारीक छेद देऊन त्यात बसवलेली मण्याएवढी नळी. युस्टेशियन नळीचं हवा खेळती ठेवायचं काम ती पडद्यातून करते. भूल देऊन दहा-पंधरा मिनिटांत होतं, मूल त्याच दिवशी घरी जातं आणि साधारण सहा महिने ते दीड वर्षात ग्रोमेट आपोआप गळून पडतं. क्वचित त्या जागी छिद्र राहतं. जावेच्या मुलाला गुण आला असेल, मी नाकारत नाही. पण २०२१ साली अमेरिकेतला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. सहा महिने ते जवळपास तीन वर्षं वयाच्या, वारंवार कान बिघडणाऱ्या २५० मुलांपैकी निम्म्यांना ग्रोमेट बसवलं आणि निम्म्यांना प्रत्येक वेळी नुसतं औषध दिलं. दोन वर्षांत ग्रोमेटवाल्यांना वर्षाला सरासरी १.४८ वेळा संसर्ग झाला आणि औषधवाल्यांना १.५६ वेळा. फरक नाहीच म्हणायचा. दोन्ही गटांतली मुलं दुसऱ्या वर्षी बरीच सुधारली, कारण ती मोठी झाली.

म्हणून हल्ले किती झाले एवढ्यावरच ऑपरेशन ठरवू नये. बरं असतानाच्या तपासणीत दोन्ही कान कोरडे निघाले तर माझा कल थांबण्याकडे आहे. दोन्हीकडे द्रव निघाला, तो तीन महिने हटला नाही आणि ऐकू कमी येतंय असं चाचणीत दिसलं, तर ग्रोमेटला मी घाबरणार नाही. तुम्हीही घाबरू नका. तेव्हा ते ठणक्यासाठी नसेल, तिच्या बोलण्यासाठी असेल.

प्रश्न : माझा मुलगा साडेचार वर्षांचा आहे. शाळेतल्या बाई म्हणतात लक्ष देत नाही, सांगितलेलं ऐकत नाही. घरी टीव्हीचा आवाज वाढवतो. तोंड उघडं टाकून झोपतो, घोरतो. कान कधीच दुखला नाही. डॉक्टर म्हणाले कानात पाणी साठलंय, आणि दोन महिने सर्दीची गोळी आणि नाकाचे थेंब चालू आहेत. फरक शून्य. मुळात खोडकर आहे म्हणून मी त्याला दोन-चार वेळा रागावलोही.

– मुलाचे बाबा

उत्तर : सर्दीच्या गोळीने आणि नाक मोकळं करणाऱ्या थेंबांनी पडद्यामागचा द्रव जात नाही, हे बऱ्याच अभ्यासांतून स्पष्ट झालं आहे. अँटिबायोटिकनेही जात नाही. तुमच्या डॉक्टरांना विचारून ते बंद करा. गोळीने पेंग येते, आणि त्याचं शाळेतलं लक्ष आणखी उडत असेल ते वेगळंच.

दोन महिने झालेच आहेत. ऐकण्याची चाचणी आताच करून घ्या, साडेचार वर्षांचं मूल हेडफोन लावून खेळल्यासारखी चाचणी देतं. अशा कानांत ऐकू येणं सरासरी २५ ते ३० डेसिबलने घटतं. एकेकाशी बोलताना चालून जातं, चाळीस मुलांच्या वर्गात नाही. बाईंना चाचणीचा कागद दाखवा आणि मुलाला पहिल्या बाकावर बसवायला सांगा. हे ऑपरेशनच्या आधी आणि ऑपरेशनऐवजीही उपयोगी आहे.

तीन महिन्यांनी पुन्हा तपासा. मधल्या काळात एक करून बघता येईल. नाकपुडीने फुगवायचा खास फुगा मिळतो. एक नाकपुडी बंद करून दुसरीने तो दिवसातून दोन-तीनदा फुगवायचा, म्हणजे हवा त्या नळीतून वर ढकलली जाते. चार वर्षांवरच्या मुलांना तो जमतो आणि काहींचे कान त्याने मोकळे होतात. तुमचं चिरंजीव खोडकर असतील तर आवडीने करतील.

तीन महिन्यांनंतरही दोन्ही कान भरलेले असतील आणि ऐकू कमी येत असेल तर ग्रोमेटचा विचार करायचा. त्याचं घोरणं आणि उघडं तोंड पाहता ॲडिनॉइड्स म्हणजे नाकामागची ग्रंथी वाढलेली असण्याची शक्यता मोठी आहे. चार वर्षांच्या वरच्या मुलांमध्ये ग्रोमेटबरोबर ती काढली तर फायदा होतो, असंही दिसलं आहे. झोपेत श्वास अडकल्यासारखा होत असेल, मधेच थांबून दचकून श्वास घेत असेल, तर तीन महिने थांबू नका. मोबाइलवर त्याच्या झोपेचा मिनिटभराचा व्हिडिओ घेऊन डॉक्टरांना दाखवा. तुमच्या वर्णनापेक्षा त्यांना त्यातून जास्त कळेल. ऑपरेशन नको असेल तर काही काळ श्रवणयंत्र लावणं हाही चांगला पर्याय आहे. लोक काय म्हणतील याची चिंता तेव्हाही करू नका.

प्रश्न : नातीच्या दोन्ही कानांत ग्रोमेट आहे. तिला पोहायला जाऊ द्यावं का? आणि काल एका कानातून पिवळं पाणी आलं, दुखत मात्र नाही. घरी मागच्या वेळचे कानाचे थेंब शिल्लक आहेत, ते घालू का?

– आजोबा

उत्तर : कान वाहायचा थांबला की जाऊ द्या. पाण्याच्या वरच्या थरात पोहणाऱ्या मुलांना कानात बोळे घालायची सरसकट गरज नसते. खोल सूर मारणं आणि घाणेरड्या डबक्यात डुंबणं टाळा, आणि पोहल्यावर दरवेळी कान दुखतोय असं दिसलं तर बोळे वापरा.

ग्रोमेट असलेला कान अधूनमधून वाहणं अपेक्षितच आहे. पू साठून ठणका लागण्याऐवजी तो वाट काढून बाहेर येतो, म्हणून दुखत नाही. यावर पोटातून घ्यायच्या औषधापेक्षा कानात घालायचे अँटिबायोटिक थेंब चांगलं काम करतात. पण घरातले शिल्लक थेंब घालू नका. कानाच्या काही थेंबांतली औषधं पडद्याच्या आत गेली तर ऐकण्याच्या नसेला इजा करू शकतात. तिच्या पडद्याला तर सध्या वाट आहे. डॉक्टरांना फोन करून ग्रोमेटसाठी चालणाऱ्या थेंबांचं नाव विचारा आणि नवी बाटली आणा. थेंब घालण्याआधी कानाच्या तोंडाशी आलेला पू मऊ कापडाने टिपून घ्या. थेंब पडल्यावर कानापुढचा छोटा मऊ उंचवटा चार-पाच वेळा हलके दाबा, म्हणजे ते आत उतरतात. आठवडाभरात थांबलं नाही तर दाखवायला या.